आत कललेलं कुंपण

११ एप्रिल २०२५, शुक्रवार

आले एकदाची. अकोल्याहून, जठारपेठेतल्या घरून, सकाळी सहाला निघाले. अमरावतीला गाडी बदलली, वरुडला पुन्हा बदलली, आणि शेंदूरजनाघाटच्या स्टँडवर उतरले तेव्हा दीड वाजून गेला होता. उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. पण कमलाकांत सर स्वतः गाडी घेऊन आले होते, आणि थर्मासमध्ये बर्फ घातलेला संत्र्याचा रस. मी स्टँडवर उभ्या उभ्याच दोन पेले संपवले.

सर अमरावतीला कायद्याचे प्राध्यापक होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गावाबाहेर आठ एकर संत्र्याची बाग, मधोमध नवाकोरा बंगला, बंगल्याभोवती अर्ध्या एकराचं अंगण. हिरवळ, जास्वंदी, एक कडुलिंब, झोपाळा. आणि प्राणी! पाच कुत्री, दोन बकऱ्या, सशांची जोडी. सगळी कुठून कुठून उचलून आणलेली. मैना नावाची तांबूस कुत्री नुकतीच व्यायली आहे, चार पिल्लं आहेत. तिनं माझा हात चाटून मला पास केलं.

अडचण एकच, सगळी पळतात. कुंपण जुनं, चार फुटी. दोन कुत्री संत्र्याच्या ट्रकखाली गेली म्हणे. सर म्हणाले, "आत आहे ते आतच राहिलं पाहिजे, जुईली." माझं काम इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेताबाहेर ठेवायची कुंपणं घातली. आत ठेवायचं कुंपण ही पहिलीच वेळ.

सरांच्या पत्नी सिंधूकाकू. त्यांना विसरायला होतं, सर म्हणाले, म्हणून फार बोलत नाहीत. झोपाळ्यावर बसल्या होत्या. माझ्या हातातल्या टेपकडे बराच वेळ बघत राहिल्या.

स्वयंपाकाच्या पार्वताबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. खोलीत कूलर आहे. मजेत आहे.

१३ एप्रिल, रविवार

दोन दिवस कडुलिंबाखाली बसून नुसतं बघितलं. कुंपण घालणाऱ्यानं आधी हेच करावं. प्रत्येक जनावराची पळायची तऱ्हा वेगळी असते. भुऱ्या उकरतो, तेही खांबाच्या बुडाशीच, कारण तिथे माती भुसभुशीत आहे. टिपू चढतो. जाळीच्या चौकटीत पंजे घालून शिडी चढावी तसा. मैना नाकानं फाटकाची कडी उचलते, आणि बाकीची तिच्या मागून जातात. बकऱ्या पळत नाहीत, पण अंग घासून घासून खांब हलवतात. ससे कुठूनही.

सरांना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले की वही घेऊन आले आणि सगळं लिहून घेतलं. मध्येच प्रश्न विचारत होते, चांगल्या विद्यार्थ्यासारखे. आमच्या विद्यापीठातल्या एकाही मास्तरनं माझं असं ऐकून घेतलं नव्हतं.

१७ एप्रिल, गुरुवार

काम जोरात. चंद्रभानभाऊ गावातले, तार ओढण्यात हात बसलेला माणूस. त्यांच्याबरोबर दोन मजूर.

इथली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, खांब सैल पडतात. म्हणून खड्डे तीन फूट, मुरूम ठोकून वर काँक्रीट. जाळी सात फूट उंच. वरचा दीड फूट आतल्या बाजूला कललेला, म्हणजे चढणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर येतं. त्या कडेवर प्लास्टिकचा पाइप, आतून तार ओवलेला. पंजा टाकला की पाइप फिरतो आणि जनावर खाली पडतं. टिपूनं चार वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा बसून राहिला आणि माझ्याकडे बघून भुंकला.

जमिनीखाली आतल्या अंगाला दोन फूट जाळी आडवी पुरली आहे. कुत्रं कुंपणाला नाक लावून तिथंच उकरतं, नखं जाळीला लागतात, सोडून देतं. मागे सरकून उकरावं हे त्याच्या डोक्यात येत नाही.

चंद्रभानभाऊ विचारत होते, "ताई, कुत्र्याले सात फूट कायले पाह्यजे? पाचातच आटपते." मी टिपूचं उदाहरण दिलं. ते तंबाखू मळत राहिले.

२० एप्रिल, रविवार

सरांनी एक सुधारणा सुचवली. पुरलेली जाळी दोन फुटांची आहे ती चार फूट करता येईल का? म्हणाले, कुत्र्याला मागे सरकून उकरायचं सुचत नाही, मान्य. पण समजा सुचलं तर?

जास्तीचं काम आहे, पण विचार बरोबर आहे. करून टाकते.

२२ एप्रिल, मंगळवार

आज परीक्षा झाली. कशी लिहावी कळत नाही. झाली तशी लिहिते.

कुंपण पूर्ण झालं म्हटल्यावर सर म्हणाले, पुराव्याशिवाय काही खरं नसतं. अकरा वाजता त्यांनी मैनेची चारही पिल्लं टोपलीत घालून फाटकाबाहेर नेली आणि कुंपणापासून दहा पावलांवर, उन्हात ठेवली. मैना आत. बाकीची कुत्री बंगल्यामागे कोंडलेली. मला वाटलं पाच-दहा मिनिटांचा प्रश्न.

मैनेनं आधी कडी बघितली. कडीला आता खाली सरकणारी खीळ आहे, नाकानं उचलत नाही. मग सगळं कुंपण तीनदा पालथं घातलं. मग उकरलं. मग चढली, पडली, चढली, पडली. पिल्लं ओरडत होती. साडेबाराला तिच्या पुढच्या पायांच्या नखांतून रक्त यायला लागलं. मी सरांना म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, आई दमली की नाही हे आपण ठरवायचं नसतं, आई ठरवते.

दोनला ती आडवी झाली. तेव्हा सरांनी टोपली आत आणली. दोन पिल्लं मेली होती. तिनं ती दोन्ही चाटून चाटून ओली केली.

सर वहीत वेळा लिहीत होते. तीन तासांत एकही फट नाही, म्हणाले, अभिनंदन.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. रडू येत होतं आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं, की जाळी टिकली.

२४ एप्रिल, गुरुवार

पार्वताबाई माझ्याशी बोलत नाहीत. ताट ठेवतात आणि जातात.

सरांशी बोलले मी. असं पुन्हा नको म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मलाही वाईट वाटलं, पण दोन पिल्लांच्या बदल्यात उद्या दहा कुत्री ट्रकखाली जायची वाचतील. माझ्या आराखड्यावर ते पुस्तिका काढणार आहेत, वर माझं नाव. फाटक दुहेरी करायचं आहे, तोवर थांब म्हणाले. मग त्यांनी माझ्यासाठी स्वतः संत्री सोलली, शिरा काढून.

बाबांना फोन करायला फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जावं लागतं, आत रेंज नाही. पिल्लांचं सांगितलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

हौदाच्या मागे, जिथं सांडपाण्याची नाली बाहेर पडते तिथं, जाळी खांबापासून सुटलेली सापडली. माझ्या हातच्या बांधणीच्या तारा होत्या, त्यातल्या आठ गाठी उकललेल्या. तुटलेल्या नाहीत, उकललेल्या. पक्कडीनं उकलली की तार चेपते. ही चेपलेली नव्हती. बोटांनी, एकेक पीळ उलटा फिरवून काढलेली. आणि सुटलेली जाळी कुणाला दिसू नये म्हणून जांभळ्या कापडाच्या चिंधीनं खांबाला धरून ठेवलेली. चिंधीला साडीचा काठ होता.

कुत्रं गाठ मारत नाही.

मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. मागे सर येऊन उभे राहिले. त्यांनी चिंधी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मैना फार हुशार आहे, नाही?"

मी हसले. खरंच हसले.

मग चंद्रभानभाऊंना वेल्डिंगचं मशीन आणायला सांगितलं आणि सगळ्या खांबांना जाळी वेल्ड करून घेतली. त्यांनी एकदाच विचारलं, ताई, खरंच करू? मी म्हटलं, करा.

संध्याकाळी जेवताना काकूंना भाकरी तोडता येत नव्हती. दहाही बोटांना चिंध्या. सर त्यांना घास भरवत होते. एकेक घास, पदरानं तोंड पुसत.

३० एप्रिल, बुधवार

पार्वताबाई आज बोलल्या. भांडी घासता घासता, वर न बघता.

"ताई, बाईले काही इसरत नाई. तिले समदं याद हाय. तिनं सोडचिठ्ठी मांगली होती. त्या दिवशीपासून तिले इसराचा रोग झाला."

काकू वरुडच्या शाळेत गणित शिकवायच्या. सर निवृत्त झाले, इथं बंगला बांधला, काकूंची नोकरी सोडवली. तीन वर्षांत त्या दोनदा बाहेर पडल्या. दुसऱ्यांदा तर नागपूरच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. सरांनी डॉक्टरचा कागद दाखवला आणि लोकांनीच त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. सगळं स्टँड हळहळलं म्हणे, सरांसाठी. तेव्हापासून गोळ्या. कुत्री त्यानंतर आली.

म्हणजे ट्रकखाली गेलेली दोन कुत्री? मी विचारलं. पार्वताबाई म्हणाल्या, इकडं ट्रक येतेच कुठं बाई, ट्रक मागच्या रस्त्यानं जाते.

दुपारी सर झोपल्यावर मी झोपाळ्यापाशी गेले. मला माहीत नव्हतं असं म्हणाले. ते खोटं होतं, परवापासून माहीत होतं. काकूंनी माझं बोलणं संपू दिलं. मग त्या पहिल्यांदा बोलल्या. आवाज अगदी शाळेतल्या बाईंचा, स्वच्छ.

"पोरी, काम लय साजरं केलं तूनं. तीन वर्सांत मले कोठी ना कोठी फट सापडे. तूनं एकबी ठेवली नाई."

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ मे, शुक्रवार

रस्त्यावर जाऊन काकूंच्या मुलीला फोन केला. रागिणी, पुण्यात असते. नंबर पार्वताबाईंनी दिला. सगळं सांगितलं, तारांचं, बोटांचं, पिल्लांचं. शेवटी म्हणाली, आईचा हा टप्पा डॉक्टरांनी आधीच सांगितला होता, ती नव्या माणसाला असंच पटवते. बाबांनी तिच्यासाठी केलं तेवढं कुणी करणार नाही. आणि तुम्ही कुंपणवाल्या ना?

फोन ठेवल्यावर कळलं की मी पोलिसांना आधी करायला हवा होता. तेवढ्यात सर फाटकात दिसले. हात हलवत होते. चहा झाला होता.

३ मे, शनिवार

ठरलं. चंद्रभानभाऊंकडे तार कापायची मोठी कात्री आहे. पार्वताबाई ती सोमवारी शिध्याच्या पिशवीतून आणणार. सर दुपारी दोन ते चार झोपतात. नालीपाशी कापायचं, बागेतून मागच्या रस्त्यावर. काकूंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. बोटं अजून सुजलेली आहेत.

त्या एवढंच म्हणाल्या, तूनं बांधलं, तूच तोड.

५ मे, सोमवार

पार्वताबाई आल्या नाहीत. चंद्रभानभाऊही नाहीत.

सरांनी चहा स्वतः केला. रागिणीचा परवाच फोन आला होता, म्हणाले. चिडले नाहीत. मला उलट तुझं कौतुक वाटतं, म्हणाले, सहानुभूती हा गुण आहे. माणसांना सुट्टी दिली आहे. आता फक्त फाटकाचं काम राहिलं, ते तू संपव.

माझा मोबाइल चार्जरवर नाही.

फाटक दुहेरी करायचं. एक उघडलं की दुसरं बंद. कुलूप बाहेरून. मी बसवलं. सर शेजारी स्टूल टाकून बसले होते, हत्यारं एकेक हातात देत होते आणि परत घेत होते. फाटक ओळंब्यात बसलं. मिलिमीटरही चुकलं नाही.

पळता आलं असतं का? बाहेरचं फाटक बसवताना मी बाहेर उभी होते. दहा मिनिटं तरी. मी काकूंकडे बघितलं आणि आत आले. की घाबरून आले? माहीत नाही.

६ मे, मंगळवार

नळ बंद. टाकीचा कॉक बाहेर आहे.

सकाळी उठून अंगणात आलो तोवर मागे बंगल्याला कुलूप लागलं होतं. मी, काकू, कुत्री, बकऱ्या, सगळी अंगणात. सर बाहेर, संत्र्याच्या सावलीत. खुर्ची, माठ, वही.

ओरडले. घसा बसेपर्यंत. बागेपलीकडे कोण आहे ऐकायला.

हौदातलं शेवाळाचं पाणी कुत्र्यांनी संपवलं. आम्हीही प्यायलो. ससे मेले, उन्हानं.

सर म्हणाले, कुठून सुरुवात करशील, जुईली? तुला तर सगळंच माहीत आहे.

सगळीकडून केली. चढले, पाइप फिरला, पडले. मनगट सुजलं आहे. काकूंनी उकरलं, काठापासून लांब, मागे सरकून, अंगणात राहिलेल्या कढईच्या झाऱ्यानं. तीन फुटांवर झारा जाळीला लागला. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं.

पांढरी बकरी मेली. कुत्री तिच्याभोवती बसून आहेत. अजून शिवली नाहीत.

७ मे

मी बाहेर आहे.

लिहिते. सकाळी सर फाटकापाशी आले. म्हणाले, बाहेर आणि पाणी एकीलाच. जी मागेल तिला. दुसरी आत.

काकू झोपाळ्याखाली पडल्या होत्या. ऐकत होत्या.

मी मागितलं.

पाणी दिलं त्यांनी. माठातलं, गार. चार पेले. मी त्यांचा हात धरून प्यायले. मग दुसरी खुर्ची मांडली. वेळा लिही म्हणाले, माझे डोळे दुखतात. फाटकात काढून घेतलेली ही माझीच वही त्यांनी हातात दिली. मी त्यांच्यासाठी लिहिते. मग माझ्यासाठी. दोन्ही एकाच पानावर—

११.२० काकू उठल्या. नालीपर्यंत. वेल्डिंगवर हात फिरवला.

११.४५ खाली बसल्या. जाळीला कपाळ लावून. दहा पावलांवर आहेत माझ्यापासून. मला हाक मारत नाहीत.

१२.१० भुऱ्या आणि टिपू बकरीला लागले आहेत. मैना नाही.

१२.३० माठ माझ्या पायाशी आहे. पेला जाळीतून जात नाही. जाळी दीड इंची. मीच निवडली. ओढणीचं टोक भिजवून आत गेलं असतं— उठले तर सर नुसतं बघतात. बसले.

१२.५० मैना काकूंजवळ गेली. काकूंची बोटं चाटते आहे. चिंध्या सोडल्या तिनं. चाटते आहे. रक्त आहे त्यांना—

१.०५ काकू तिला ढकलत नाहीत. हात डोक्यावर ठेवला आहे.

१.१५ बाकीची तिकडे बघायला लागली आहेत.

१.२० सरांची मान कलली. डोळे मिटले. घोरणं हलकं. किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात. सुतळी बाहेर लोंबते आहे. दोन हातांवर. ओढली की येईल.

टिपू उठला. काकूंकडे जातो आहे. हळू. भुऱ्यापण.

काकू माझ्याकडे बघतात. आता बघतात. त्यांनी बोट दाखवलं. खिशाकडे—

उठते. वही खाली ठेवते आणि सुतळी

घोरणं थांबलं आहे. कधी थांबलं? ते झोपलेले नाहीत. मघापासून मान वळवून माझ्या पानावरचं वाच